माथेरान : पायी चालायचे गाव

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरानचे पठार आहे. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून ते सुटे उभे असल्यामुळे त्याला चारही बाजूंनी कडे आहेत. मुंबईहून सुमारे ९० आणि पुण्याहून सुमारे १२० किलोमीटर अंतरावर असलेल्या या गावात मोटारीला प्रवेश नाही. रुग्णवाहिका आणि अलीकडे सुरू झालेल्या ई-रिक्षा एवढाच काय तो अपवाद. बाकी सगळी ये-जा पायी, घोड्यावर किंवा छोट्या रेल्वेगाडीने होते. इथे काय खावे, काय खेळावे, कुठे हिंडावे या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका गोष्टीशी बांधलेली आहेत.

ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० च्या मे महिन्यात पायथ्याच्या चौक गावी मुक्कामाला असताना वन ट्री हिलच्या बाजूने वर चढले आणि रामबागेच्या वाटेने उतरले. या दोन्ही वाटा आजही चालत्या आहेत. अर्थात पायथ्याच्या ठाकर, कातकरी आणि धनगर वस्त्यांना हे रान आधीपासून ठाऊक होते. मॅलेट यांनी ते मुंबईच्या साहेबांना दाखवले एवढेच. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांच्या काळात वस्ती वाढली आणि इंग्रजांपाठोपाठ पारशी, बोहरी, भाटिया कुटुंबांनी बंगले बांधले. पॉइंटांची नावे साहेबी आणि बंगल्यांची नावे पारशी, हा आजचा मामला त्या काळातला आहे. भाई कोतवाल यांचा जन्मही माथेरानचाच, १९१२ सालचा. बेचाळीसच्या चळवळीत विजेचे मनोरे पाडणाऱ्या आझाद दस्त्याचे हे नेते जानेवारी १९४३ मध्ये सिद्धगडावर हुतात्मा झाले. पर्यटकांच्या माहितीपत्रकात त्यांच्यापेक्षा सनसेट पॉइंटला जास्त जागा मिळते.

वर जाण्याची सुरुवात मुंबई-कर्जत लोहमार्गावरच्या नेरळहून होते. नेरळ ते माथेरान ही दोन फूट रुंदीची रेल्वे सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात बांधली गेली. खर्च आला १६ लाख रुपये. सुमारे २० किलोमीटरच्या वाटेवर जुम्मापट्टी, वॉटर पाइप आणि अमन लॉज ही स्थानके लागतात. बोगदा एकच आहे आणि तोही इतका आखूड, की ‘वन किस टनेल’ हे नाव त्याला कायमचे चिकटले. वॉटर पाइप सोडल्यावर रुळांच्या कडेलाच कड्यावरचा गणपती दिसतो. अतिवृष्टीने हा मार्ग वारंवार बंद पडला आहे. २००५ च्या पुरात रूळ वाहून गेले आणि गाडी परत धावायला २००७ साल उजाडले. २०१९ च्या पावसातल्या पडझडीनंतर तर नेरळहून गाडी सुटायला ऑक्टोबर २०२२ पर्यंत थांबावे लागले. पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज हा टप्पा दरवर्षी बंदच असतो. वरचा अमन लॉज-माथेरान टप्पा मात्र शटलसारखा चालू ठेवला जातो.

गाडीला दोन-अडीच तास लागतात आणि जागा मोजक्या असतात, त्यामुळे बहुतेक लोक नेरळ स्टेशनाबाहेरून शेअर टॅक्सीने घाट चढून दस्तुरी नाक्यावर येतात. खासगी मोटारीही इथेच ठेवाव्या लागतात. नाक्यावर प्रवासी कर भरला की पुढे बाजारपेठेपर्यंत अडीच-तीन किलोमीटरची वाट उरते. ती शटलने, घोड्यावरून किंवा ई-रिक्षाने काटता येते. पण सामान हलके असेल तर चालावे हे उत्तम. रुळांच्या कडेने झाडांच्या सावलीत पाऊण तासात बाजार येतो आणि गावाची ओळख तिथेच होते.

या वाटेवर माणसाने ओढायच्या हातरिक्षा पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. त्यांना पर्याय म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या परवानगीने डिसेंबर २०२२ मध्ये ई-रिक्षांचा प्रयोग सुरू झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने हातरिक्षा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आणि त्या ओढणाऱ्यांचे पुनर्वसन करण्याचा आदेश दिला. घोडेवाल्यांना ई-रिक्षा नको होत्या, रिक्षा ओढणाऱ्यांना हव्या होत्या. रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरूनही असाच वाद झाला: धूप थांबते हे खरे, पण घोड्यांचे पाय घसरतात हेही खरे. माथेरान आणि भोवतालचा परिसर २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर आहे. त्यामुळे इथे साधा रस्ता दुरुस्त करायचा तरी प्रकरण कोर्टापर्यंत जाते.

खाण्यापिण्याचा विचार करताना आधी एक हिशेब ध्यानात घ्यावा. पिठाचे पोते, भाजीची पाटी, गॅसची टाकी हे सगळे दस्तुरीपासून घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर वर येते. प्रत्येक पदार्थाच्या किमतीत ही वाहतूक धरलेली असते. नेरळपेक्षा वरचा चहा महाग का, याचे उत्तर दुकानदाराच्या लोभात नव्हे तर हमालीत आहे. म्हणून दस्तुरीला वळण्याआधी नेरळ स्टेशनाजवळ गरम वडापाव खाऊन घेण्याची मुंबईकरांची जुनी रीत शहाणपणाची आहे.

जेवणाची सोय तीन प्रकारची आहे. मोठ्या हॉटेलांत बहुधा नाश्ता आणि दोन्ही वेळचे जेवण खोलीच्या भाड्यातच धरलेले असते. गुजराती पाहुण्यांचा राबता मोठा असल्यामुळे अशा ठिकाणी शाकाहारी आणि जैन जेवणाचा थाट असतो: फरसाण, दोन-तीन भाज्या, कढी, गोड. जुन्या पारशी हॉटेलांत चव निराळी. धनसाक, सकाळची अंडी, दुपारी कस्टर्ड आणि दरीकडे तोंड केलेला व्हरांडा असा तिथला बेत. मोठे पोट आणि रिकामी दुपार असणाऱ्यांसाठी हीच माथेरानची खरी मेजवानी म्हणावी लागेल. तिसरा प्रकार बाजारातल्या महात्मा गांधी रस्त्यालगतच्या खानावळींचा. तिथे थाळी, मिसळ, पावभाजी, कोंबडीचा रस्सा आणि भाकरी मिळते. घरगुती खोल्या देणाऱ्या कुटुंबांकडे आदल्या दिवशी सांगून ठेवले तर तांदळाची भाकरी आणि पिठलेही होते. खोलीसोबत जेवणही आधीच ठरवून टाकले, तर दिवसभर हिंडताना दर जेवणाला हॉटेलवर परतावे लागते. ज्यांना लांबचे पॉइंट चालायचे आहेत त्यांनी फक्त खोली घ्यावी आणि जेवण बाजारात करावे.

पॉइंटांवरच्या टपऱ्यांचे खाणे आटोपशीर, पण वेळेवर मिळणारे: लिंबू सरबत, मीठ-मिरची लावलेली काकडी, भाजलेले कणीस, मॅगी, कांदाभजी. एप्रिल-मे महिन्यांत पायथ्याच्या वाड्यांतल्या आदिवासी बाया करवंदे आणि जांभळे पाटीत घेऊन कडा चढून येतात. ही फळे या रानाची आहेत, म्हणून बाजारातल्या कुठल्याही मिठाईपेक्षा आधी तीच घ्यावीत. परतताना बांधून नेण्याची गोष्ट म्हणजे चिक्की. या बाबतीत नाव लोणावळ्याचे मोठे असले तरी माथेरानची शेंगदाण्याची कुरकुरीत चिक्की त्याहून कमी नाही. चिक्कीशेजारी मध, फज आणि चामड्याच्या चपलांची दुकाने आहेत. लाल मातीने बूट रंगलेल्या पाहुण्याला नव्या चपला विकणे फारसे अवघड जात नसावे.

खाण्याला एक मोठा वाटेकरी आहे तो माकडांचा. हातातली पिशवी, विशेषतः प्लास्टिकची, ती निःसंकोच हिसकावतात आणि बाटलीचे झाकणही उघडतात. त्यांना खाऊ घालणाऱ्या पाहुण्यांनीच ही सवय लावली. उघड्यावर खात चालू नये, पिशवी पाठीवरच्या सॅकमध्ये बंद ठेवावी आणि माकडाने काही पकडलेच तर ओढाताण न करता सोडून द्यावे.

खेळांच्या बाबतीत माथेरान फारसे आधुनिक नाही आणि त्याचे वाईट वाटून घेण्याचे कारणही नाही. पहिला मान घोड्याचा. चारशेहून अधिक घोडे इथे परवान्यावर चालतात. पॉइंटांच्या फेऱ्यांचे दर ठरलेले असतात, तरी कोणते पॉइंट, किती वेळ आणि घोडेवाला सोबत चालणार की नाही, हे बसण्याआधी बोलून घ्यावे. नवख्याने दौड मारायला सांगू नये. लगाम घोडेवाल्याच्या हातात असलेलाच बरा. ऑलिंपिया मैदान जुन्या काळापासून घोड्यांच्या शर्यतींसाठी ओळखले जाते. पेमास्टर पार्क लहान मुलांसाठी ठीक. संध्याकाळी बाजारात छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडण्याचे आणि वस्तूंवर रिंग टाकण्याचे स्टॉल गजबजतात. गावच्या जत्रेत असतो तसाच हा खेळ, बक्षिसेही तशीच. एको पॉइंटवर हाका मारणे हा फुकटातला खेळ, मात्र मागे रांग लागली की त्यात मजा राहत नाही. शार्लट तलावाचे पाणी पिण्यासाठी राखलेले आहे, तिथे पोहायला मनाई आहे. तलावाकाठी ग्रामदैवत पिसारनाथाचे मंदिर आहे. खरा दंगा टाळायचा असेल तर पहाटे तलावाच्या वाटेवर जाऊन झाडांकडे बघत थांबावे. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या दाटीत शेकरू एका फांदीवरून दुसरीवर झेप घेताना दिसतो, आणि पावसाच्या तोंडावर मलबारी कस्तूराची शीळ ऐकू येते.

चालण्यासाठी मात्र माथेरानसारखी जागा महाराष्ट्रात कमी. पठार उत्तर-दक्षिण लांबट आहे आणि त्याच्या कडेला तीसहून अधिक पॉइंट आहेत. सगळे ‘करण्याचा’ हट्ट धरणारा दमतो आणि शेवटी त्याला सगळे सारखेच वाटू लागतात. पठाराची एकेक बाजू धरणे चांगले. दक्षिणेच्या फेरीत बाजारातून अलेक्झांडर, रामबाग, छोटा चौक, मोठा चौक आणि वन ट्री हिल असे जाऊन शार्लट तलावावरून परत येता येते. ही रमतगमत अर्ध्या दिवसाची वाट आहे. चढउतार किरकोळ आणि सावली भरपूर. पश्चिमेला लुईझा पॉइंटवरून समोर प्रबळगडाची सरळ भिंत दिसते. त्याच बाजूच्या पॉर्क्युपाइनला सनसेट पॉइंट म्हणतात आणि संध्याकाळी गर्दी तिकडे लोटते. उत्तरेचा पॅनोरामा पॉइंट बाजारापासून लांब पडतो. तो पहाटेसाठी राखावा. नेरळचे खोरे, आडवा पसरलेला सह्याद्री आणि जवळचा पेब किल्ला तिथून स्पष्ट दिसतो.

ज्यांना पठारावर फिरण्याने समाधान होत नाही त्यांच्यासाठी पायथ्यापासूनच्या वाटा आहेत. त्यांपैकी गार्बेट पठाराची वाट सर्वांत देखणी. भिवपुरी रोड स्थानकावर उतरून पाली-भुतिवली धरणाच्या काठाने चढायला लागले की अडीच-तीन तासांत गवताळ माळ लागतो आणि तिथून पुढे माथेरान गाठता येते. सप्टेंबरच्या शेवटी हा माळ फुलांनी भरतो. चौकच्या बाजूच्या वाड्यांमधून वन ट्री हिलखाली निघणाऱ्या वाटेला शिवाजी शिडी म्हणतात. ती उभी आहे, तर रामबागेची वाट त्या मानाने सौम्य. वाड्यांतले लोक रोजच्या कामाला हीच वापरतात, आणि वाट चुकली तर विचारायला कोणी ना कोणी भेटते. पनवेलहून धोदाणीला गेले तर प्रबळगड आणि माथेरान यांच्यामधल्या दरीतून सनसेट पॉइंटवर चढता येते. पेब ऊर्फ विकटगड हा वेगळा दिवस मागतो. नेरळहून चढावे आणि माथेरानच्या बाजूने लोखंडी शिड्यांवरून रुळांपाशी निघावे, हा तिथला लोकप्रिय क्रम. गडावर गुहा आणि माथ्यावर दत्ताच्या पादुका आहेत.

या सगळ्या वाटांना पावसाळा हा वेगळा ऋतू आहे. जून ते सप्टेंबरात पठारावर धुके इतके दाटते की पॉइंटवर उभे राहून समोर काहीच दिसत नाही, आणि अनेक हॉटेले बंद असतात. धबधबे मात्र याच काळातले. जांभ्या दगडाची कड भिजल्यावर ठिसूळ होते, म्हणून कठड्याबाहेर पाऊल टाकू नये आणि ओढ्याला पाणी चढलेले असेल तर पायथ्याच्या वाटा सोडून द्याव्यात. याच डोंगररांगेतल्या इर्शाळगडाखालच्या इर्शाळवाडीवर जुलै २०२३ मध्ये दरड कोसळली होती. पहिल्यांदा जाणाऱ्याला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सोयीचा. मे महिन्यात दुपार तापते आणि रस्त्यावर लाल धूळ उडते, पण संध्याकाळ मुंबईपेक्षा सुखाची असते. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यातले शनिवार-रविवार टाळले तर खोलीचे भाडेही बरेच उतरते.

परतीचा विचार सकाळीच करून ठेवावा लागतो. नेरळला जाणाऱ्या मिनी ट्रेन दिवसाला मोजक्याच असतात. रविवारी सूर्यास्त पाहून सगळेच एकदम दस्तुरीकडे निघतात, तेव्हा शटलला आणि टॅक्सीला लांब रांग लागते. बाजारातून निघताना दस्तुरीपर्यंतचा पाऊण तास, पुढे घाटाचा अर्धा तास आणि नेरळच्या लोकलची वेळ असा उलटा हिशेब मांडून अंधार पडण्याआधी खाली उतरणे सोपे जाते.