चिल्लरीतलं चुकलेलं नाणं

किराणा दुकानातून परत आलेली चिल्लर तुम्ही कधी निरखून बघता का? बहुतेक जण मोजतात आणि खिशात टाकतात. पण दोस्तांनो, त्याच चिल्लरीत एखादं 'चुकलेलं' नाणं असू शकतं! टाकसाळीत चूक झाली आणि तपासणीतून निसटलं, असं नाणं संग्राहक हौसेनं विकत घेतात.

आता चूक कशाला म्हणायचं? आपल्या नगरचीच जुनी नाणी बघा. मलिक अहमदनं १४९० साली हे शहर वसवलं. (२०२४ पासून त्याचं नाव अहिल्यानगर.) त्याच्या निजामशाही घराण्यानं तांब्याची नाणी पाडली. तेव्हा यंत्रं कुठली? तांब्याचा तुकडा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि हाणायचा हातोडा! ठसा कधी इकडे सरके, कधी तिकडे. त्यामुळे जुन्या नाण्यावर अर्धीच अक्षरं दिसली, तर ती चूक नव्हे. ते नेहमीचंच होतं. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयात जुन्या नाण्यांचा मोठा संग्रह आहे. तिथे गेलात तर कडेला तुटलेली अक्षरं मुद्दाम शोधा.

आजची नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाच्या टाकसाळीत यंत्रावर पडतात. सालाखाली छोटा हिरा असेल तर नाणं मुंबईचं, चांदणी असेल तर हैदराबादचं, ठिपका असेल तर नोएडाचं आणि काहीच नसेल तर कोलकात्याचं. यंत्र दर वेळी सारखाच ठसा उमटवतं. म्हणूनच त्याची चूक दुर्मीळ!

काय शोधायचं?

सरकलेला ठसा : चित्र एका बाजूला सरकतं आणि दुसरीकडे चंद्रकोरीसारखी कोरी जागा राहते.

फिरलेला ठसा : नाणं वरून-खालून दोन बोटांत धरा आणि दाराच्या फळीसारखं फिरवा. मागची बाजू सरळ दिसायला हवी. तिरकी किंवा उलटी दिसली, तर ठसा फिरला.

कापलेली कड : पत्र्यातून चकत्या कापताना आधीच्या भोकावरच पुन्हा कापणी झाली, की कडेला बिस्कीट चावल्यासारखा खड्डा पडतो.

लखी : ही खरी गंमत! आधीचं नाणं यंत्रात अडकून राहतं आणि पुढची चकती त्याच्यावरच दाबली जाते. मग एका बाजूला नेहमीचं चित्र, तर दुसऱ्या बाजूला तेच चित्र खोलगट आणि आरशातल्यासारखं उलटं.

फसू नका!

टाकसाळीतून बाहेर पडल्यावर झालं ते नुकसान, चूक नव्हे. हातोडीनं चेपलेलं, घासून गुळगुळीत झालेलं नाणं म्हणजे फक्त खराब नाणं. दहाच्या नाण्यावर रुपयाचं चिन्ह नाही, हीसुद्धा चूक नाही. ते चिन्हच २०११ पासून नाण्यांवर आलं. २०१८ सालापर्यंत दहाच्या नाण्याचे १४ नमुने निघाले होते आणि ते सगळे चालतात, असं रिझर्व्ह बँकेनं त्याच साली सांगितलंय.

'अमुक नाणं द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिराती मोबाइलवर येतात. आधी 'नोंदणीचे पैसे' मागतात आणि मग गायब होतात! ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं याबद्दल लोकांना सावध केलं. बँक अशी खरेदी-विक्री करत नाही आणि त्यासाठी शुल्कही घेत नाही. पैसे किंवा ओटीपी मागितला, की सरळ फोन ठेवा आणि घरी सांगा. एक लक्षात ठेवा, किरकोळ चुकीला फारसं मोल नसतं. चूक जितकी ठळक आणि दुर्मीळ, तितकी किंमत जास्त.

आणि हो, सापडलेलं नाणं चिंचेनं घासून लखलखीत करू नका हं! त्यानं किंमत उतरते. कडेला धरा, कागदाच्या पुडीत ठेवा आणि कधी, कुठे मिळालं ते वर लिहा.

चला तर, आज घरातल्या चिल्लरीचा डबा उपडा करा. एक भिंग घ्या आणि प्रत्येक नाण्याला एकच प्रश्न विचारा : 'ही खूण टाकसाळीतली की बाहेरची?'