मुक्त आज्ञावली : ज्ञानाची इर्जिक

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांतून गुजरातीबरोबरच मराठी, उडिया व तेलुगू माध्यमांतूनही शिक्षण दिले जाते. या सर्व भाषांच्या लिप्यांचे ‘लोहित’ अक्षरसंच संगणकासाठी विनामूल्य उपलब्ध आहेत. जी कोणीही वापरावी, अभ्यासावी, सुधारावी व इतरांस द्यावी, ती मुक्त आज्ञावली होय. या चळवळीचा प्रारंभ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये केला.

शेतातील इर्जिकीप्रमाणेच हे कार्य चालते. एकाने आपली अडचण आंतरजालावर मांडावी, जाणकाराने मोबदल्याविना मार्ग दाखवावा. यासाठी तज्ज्ञच असावे लागते असे नाही. एखादे जोडाक्षर चुकीचे उमटत असल्याचे शिक्षकाने कळविल्यास दुरुस्तीस वाट मिळते. आणि एकदा झालेली दुरुस्ती सर्वांच्याच उपयोगी पडते. मातृभाषेत शिकणाऱ्या मुलांसाठी हे साहाय्य मोलाचे आहे.