करार आणि बेडी

नाशिकच्या पांडवलेण्यांत मी अनेकदा जातो. दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने एक व्यवहार कोरून ठेवला आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ३००० कार्षापणे कायमची ठेव म्हणून दिली. २००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचे नाही. दोन हजारांच्या व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापणे चिवरासाठी द्यायची. वर्षाचे व्याज २४०. हिशेब चोख जुळतो. हा ठराव निगमसभेत जाहीर झाला, दप्तरी नोंदला गेला. विणकराच्या शब्दाला तेव्हा किंमत होती.

तिसऱ्या लेण्यात सूर बदलतो. हे लेणे गौतमी बलश्रीने भिक्षुसंघाला दान दिले. पण त्याच लेखात आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, थोरवी सांगताना त्याने चातुर्वर्ण्याचा संकर थांबवला, असेही कोरले आहे. बुद्धाच्या संघाला निवारा देणाऱ्या भिंतीवरच वर्णाचा पहारा!

कायदा लिहिला गेला म्हणजे न्याय मिळाला, असे मानणाऱ्यांनी रोमकडेही पाहावे. इ. स. २१२ मध्ये सम्राट काराकल्लाने साम्राज्यातील जवळजवळ सर्व स्वतंत्र माणसांना नागरिकत्व दिले. पण ३३२ मध्ये सम्राट कॉन्स्टंटाइनचा हुकूम निघाला: पळून जाण्याच्या बेतात असलेल्या कुळाला बेड्या घालाव्यात. कारण कराचे होते. माणूस जमिनीवर राहिला तरच वसुली होणार. म्हणून बापाचे ओझे मुलाच्या मानेवर आले. ५३३ मध्ये सम्राट जस्टिनियनच्या पाठ्यग्रंथाने गुलामगिरी निसर्गाच्या नियमाविरुद्ध आहे हे मान्य केले, आणि गुलामांविषयीचे नियमही त्याच ग्रंथात दिले.

हे वाचताना मला आजोबांचे महार वतन आठवते. कामाला वेळकाळ नव्हता, मोबदला तुटपुंजा होता आणि काम जन्माने ठरलेले होते. या व्यवस्थेला १८७४ च्या वतन कायद्याचा शिक्का होता. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कौन्सिलात दुरुस्तीचे बिल मांडले. प्रत्यक्षात वतन गेले ते १९५८ च्या कायद्याने. रोमचे कूळ आणि गावकुसाबाहेरचा महार यांच्यात हजारो मैलांचे अंतर आहे, पण दोघांच्याही पायातली बेडी कागदावर लिहिलेली होती.

म्हणून कोणताही कायदा हाती आला की मी दोन प्रश्न विचारतो. यात करार करण्याचा हक्क कोणाला आहे? आणि जन्मामुळे कोण बांधला जातो? सम्राटाची मोहोर मी त्यानंतर पाहतो.