तुक्का मारायचा का सोडून द्यायचं?

आमच्या तेरखेड्यात तयारी करणारी पोरं भेटली की एकच विचारतात, "दादा, उत्तर येत नसेल तर तुक्का मारू का सोडून देऊ?"

चला, हिशोबच करू. एमपीएससी पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनात एका चुकीला पाव प्रश्नाचे गुण कापतात. चार पर्यायांचे 100 प्रश्न डोळे झाकून सोडवले तर सरासरी 25 बरोबर, 75 चूक. 25 वजा 18.75, हातात राहिले सव्वासहा. यूपीएससीत एक तृतीयांश कापतात, तिथे हाच हिशोब शून्यावर येतो.

आता हा प्रश्न बघा. महाराष्ट्राचा 36 वा जिल्हा कोणता? लातूर, वाशिम, गोंदिया, पालघर. लातूर तर आपल्याच जिल्ह्यातून 1982 ला वेगळा झाला, घरातल्या आजोबांना विचारा. खोडा तो. प्रत्येक प्रश्नात असा एक पर्याय खोडता आला तर सव्वासहाचे सोळाच्या वर जातात. दोन खोडले तर साडेसदतीस! (उत्तर पालघर, 2014.)

म्हणून सराव करताना बाकीचे तीन पर्याय का चूक, तेही वहीत लिहा. वेळ लागतो, मान्य. आणि पोलीस भरतीच्या लेखीला गुण कापतच नाहीत, तिथे एकही गोल रिकामा सोडू नका.