सीडी-फोरचा आकडा कसा वाचावा?



एका गृहस्थाच्या हाती तपासणीचा कागद येतो. मागच्या खेपेस सीडी-फोरचा आकडा ४८० होता, या खेपेस ४१० आहे. औषध वेळच्या वेळी घेऊनही आकडा उतरला! त्याला रात्रभर झोप नाही. दुसऱ्या एकाचा आकडा १८० वरून ५२० वर चढतो. 'आता मी बरा झालो' म्हणून तो गोळ्या सोडून देतो. या दोघांचाही हिशेब चुकला आहे. कोठे चुकला, ते आज पाहू.

हा आकडा मोजतो तरी काय? आपल्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींचे काम शेतातल्या जागल्यासारखे आहे. जागल्या माळ्यावर बसतो, रानडुकरे आली की हाळी देतो; मग बाकीची माणसे काठ्या घेऊन धावतात. रोगजंतू शिरले की सीडी-फोर पेशी अशीच हाळी देतात. एचआयव्हीचा विषाणू नेमका या जागल्यांवरच घाला घालतो आणि त्यांच्यातच वाढतो. जागले कमी झाले, की क्षयासारख्या रोगांचे फावते.

निरोगी प्रौढ माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात, म्हणजे जवळजवळ मोहरीच्या दाण्याएवढ्या थेंबात, या पेशी साधारणपणे ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली गेल्या तर धोका मोठा. तेव्हा डॉक्टर इतर रोग टाळण्यासाठी वेगळ्या गोळ्याही देतात. पाच वर्षांखालच्या मुलांत या पेशी मुळातच जास्त असतात, म्हणून तेथे टक्केवारी पाहतात.

आता पहिल्या गृहस्थाकडे वळू. हा आकडा एकाच माणसात सकाळी कमी तर संध्याकाळी जास्त भरतो. सर्दी-तापातही तो उतरतो. तेव्हा ४८० चे ४१० झाले, एवढ्यावरून काहीच ठरत नाही. एका दिवसाच्या पावसावरून आपण सालाचा अंदाज बांधतो का? तीनचार तपासण्या ओळीने मांडाव्या आणि कल कोणीकडे आहे ते पाहावे. आकडा खेपेखेपेस उतरतच चालला, तर मात्र डॉक्टरांना लगेच विचारावे.

औषध लागू पडते की नाही, हे सांगणारी तपासणी वेगळीच आहे. तिला व्हायरल लोड म्हणतात. सीडी-फोर सांगते जागले किती उरले. व्हायरल लोड सांगते डुकरे किती आहेत. नियमित औषधाने विषाणू इतके कमी होतात की तपासणीत सापडतही नाहीत. ही स्थिती टिकून राहिली, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. पण विषाणू सापडला नाही, म्हणजे तो गेला असे नव्हे. तो शरीरात दबा धरून असतो.

दुसऱ्या माणसाची चूक येथेच झाली. 'स्मार्ट' नावाच्या एका अभ्यासात ३३ देशांतल्या सुमारे साडेपाच हजार रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटाचे औषध अखंड चालू ठेवले. दुसऱ्या गटात आकडा ३५० च्या वर गेला की ते थांबवायचे, २५० च्या खाली आला की पुन्हा द्यायचे. औषध थांबवणाऱ्यांत गंभीर आजार आणि मृत्यू यांचे प्रमाण अडीचपटीहून अधिक भरले. २००६ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्या देशात सरकारी केंद्रांतून हे औषध २००४ पासून मोफत मिळते. आणि २०१७ पासून आकडा कितीही असो, लागण दिसली की औषध सुरू करतात.

शिक्षकबंधुभगिनींनो, असा कागद वाचून घ्यायला कोणी तुमच्याकडेही येईल. त्याला धीराने समजावून द्या आणि ती गोष्ट मनातच ठेवा. विश्वासाने सांगितलेली अशी माहिती संमतीवाचून इतरांस सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

तेव्हा सगळे कागद तारखेवार एका पिशवीत ठेवावे, तपासणी चुकवू नये. आकडा चढो वा उतरो, डॉक्टरांना विचारल्यावाचून गोळी बंद करू नये.