पत नावाला मिळते

बाजारपेठेत भांडवल कमी असलं तरी चालतं, पत मात्र लागते. पत असेल तर उधारीवर माल मिळतो आणि अडचणीच्या दिवसांत घेणेकरी आपल्या शब्दावर थांबतात. इंटरनेटवरच्या चर्चांत कंपनीच्या वतीने बोलणाऱ्याचं सारं भांडवल म्हणजे ही पतच. तिथे जमलेले ग्राहक आणि जाणकार आधी एकच गोष्ट पाहतात: हा कोणाचा माणूस?

अमेरिकेतल्या 'होल फूड्स' या किराणा दुकानांच्या साखळीचे तेव्हाचे प्रमुख जॉन मॅकी यांनी या प्रश्नाचं उत्तर अनेक वर्षं लपवलं. १९९९ ते २००६ या काळात 'याहू फायनान्स'वरच्या गुंतवणूकदारांच्या चर्चेत ते 'राहोडेब' या नावाने लिहीत. पत्नीच्या 'डेबोरा' या नावाची इंग्रजी अक्षरं उलटसुलट करून त्यांनी ते नाव बनवलं होतं. त्याआडून त्यांनी स्वतःच्या कंपनीची भलामण केली आणि 'वाइल्ड ओट्स' या स्पर्धक कंपनीला नावं ठेवली. २००७ मध्ये होल फूड्सने तीच कंपनी विकत घ्यायचं ठरवलं. 'फेडरल ट्रेड कमिशन' या तिथल्या सरकारी नियामक संस्थेने त्याविरुद्ध न्यायालयात धाव घेतली आणि त्या खटल्याच्या कागदपत्रांतून जुलैमध्ये राहोडेबचं खरं नाव उघड झालं. मॅकी यांनी जाहीर माफी मागितली. तिथल्या रोखे बाजार नियामकाने सुरू केलेली चौकशी पुढे कारवाईविना संपली. पण तोवर राहोडेबच्या लिखाणातली खरी वाक्यंही खोट्याच्या हिशेबात जमा झाली होती.

नुसतं नाव सांगूनही भागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या व्हिडिओ गेमवरून खेळाडू चिडले होते. गेमसाठी पैसे मोजूनही डार्थ व्हेडरसारखी पात्रं बंद ठेवलेली होती आणि ती मिळवायला तासन् तास खेळावं लागत होतं. 'रेडिट' या चर्चास्थळावर गेम बाजारात आणणाऱ्या 'इलेक्ट्रॉनिक आर्ट्स' या कंपनीने आपल्या अधिकृत खात्यावरून उत्तर दिलं: मेहनतीने पात्र मिळवलं की खेळाडूंना अभिमान वाटावा, असा त्यामागचा हेतू आहे. त्या उत्तराला साडेसहा लाखांहून अधिक नापसंतीची मतं पडली. कंपनीला पात्रांची किंमत ७५ टक्क्यांनी उतरवावी लागली. नाव खरं होतं, पण भाषा जाहिरातीची होती. लोकांनी तक्रार मांडली होती आणि उत्तरात तिची दखलच नव्हती.

'गिटलॅब' या सॉफ्टवेअर कंपनीने याच्या नेमकं उलट केलं. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अभियंत्याच्या हातून मुख्य डेटाबेसमधली माहिती पुसली गेली. बॅकअपच्या बहुतेक व्यवस्थाही निकामी निघाल्या. कंपनीने दुरुस्तीच्या नोंदी तशाच लोकांसमोर ठेवल्या आणि काम 'यूट्यूब'वर थेट दाखवलं. सुमारे सहा तासांतली माहिती कायमची गेली. तेही कंपनीने स्वतःच सांगितलं. ग्राहकांचं नुकसान झालं होतं, तरी त्या दिवशी तिला धीर देणारेही अनेक भेटले.

भारतात आपली खरी ओळख सांगणं ही आता केवळ सदिच्छेची बाब राहिलेली नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे.

कंपनीच्या वतीने बोलायचं काम आज आपल्याकडची कितीतरी तरुण मुलं-मुली करतात. त्यांनी पहिल्याच ओळीत आपलं कंपनीशी असलेलं नातं सांगावं. उत्तर ठाऊक नसेल तर 'विचारून सांगतो' म्हणावं आणि खरोखर परत येऊन सांगावं. स्पर्धकाची वस्तू एखाद्याच्या गरजेला अधिक योग्य असेल, तर तसं म्हणायला कचरू नये. आणि उद्या वरिष्ठांनी घरच्या मंडळींच्या खात्यांवरून चार चांगले अभिप्राय टाकायला सांगितलं, तर स्पष्ट नकार द्यावा. नोकरी बदलली तरी आपलं नाव आपल्याबरोबरच येतं.