बारवी ते जेद्दाह : सव्वादोन तासांनी लांबणारा रोजा

बारवी धरणावर सूर्य दक्षिण मुंबईपेक्षा जवळपास दोन मिनिटं आधी मावळतो. पूर्व-पश्चिम अंतराचा एक अंश कापायला सूर्याला चार मिनिटं लागतात आणि धरण मुंबईच्या पूर्वेला साधारण अर्ध्या अंशावर आहे. इफ्तारला ही दोन मिनिटं कुणाला जाणवत नाहीत. पण पहाटही तितकीच आधी उगवते. मुंबईचं वेळापत्रक पाहून बदलापुरात शेवटच्या मिनिटापर्यंत सहेरी करणं म्हणूनच धोक्याचं. जाणती माणसं पाच मिनिटं आधीच पाणी पिऊन उठतात.

उमराहसाठी विमानात बसलं की हाच हिशेब मोठा होतो. रमजानमधल्या उमराहचं पुण्य हजइतकं मानलं जातं, त्यामुळे या महिन्यात जाणारे पुष्कळ. मुंबई ते जेद्दाह अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. थेट विमानाला पाच-साडेपाच तास लागतात. सौदीचं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे आहे, पण रोजा घड्याळावर नाही, सूर्यावर चालतो. आणि बारवी ते जेद्दाह सूर्याचा फरक सव्वादोन तासांचा. सहेरी बदलापुरात आणि इफ्तार जेद्दाहला, तर रोजा तेवढ्याने लांबला.

मार्चमधलं दुपारी चारचं विमान धरू. मनगटावर पावणेसात वाजतात. घरी मगरिबची अजान होते, खजुराचं ताट फिरतं. खिडकीबाहेर मात्र लख्ख ऊन. सूर्यास्ताची रेघ या पट्ट्यात ताशी दीड हजार किलोमीटरहून थोड्या अधिक वेगाने पश्चिमेला सरकते, विमान साधारण त्याच्या निम्म्या वेगाने. ती रेघ विमानाला गाठते तेव्हा आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजत आलेले असतात. नियम एवढाच, की जिथे आहात तिथून सूर्य मावळलेला दिसला पाहिजे. उंचीवरून तो आणखी थोडा उशिरा मावळतो. दुबईत बुर्ज खलिफाच्या ८० व्या मजल्यावर राहणाऱ्यांना दोन मिनिटं, तर १५० च्या वर असणाऱ्यांना तीन मिनिटं थांबायला तिथल्या मुफ्तींनी २०११ मध्ये सांगितलं, ते यामुळेच.

मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआननेच दिली आहे. सुटलेला रोजा नंतर भरून काढायचा. भारतातले बरेच उलेमा त्यासाठी ४८ मैल, म्हणजे सुमारे ७७ किलोमीटरचा प्रवास धरतात. बदलापूर ते सीएसएमटी रेल्वेने ६८. लोकलला रोज लोंबकळणाऱ्यांना ही सवलत नाही! जेद्दाहला जाणाऱ्याला आहे. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्या आजी-आजोबांनी या वाढीव सव्वादोन तासांबद्दल डॉक्टरांना आधी विचारावं आणि मुभा घ्यायला संकोचू नये. पहिल्यांदा निघालेली वडीलधारी माणसं नेमकी इथेच हट्ट धरतात.

१९९५ पर्यंत मुंबईहून हजला जहाजं जात. सागरी प्रवासाला बरेच दिवस लागायचे आणि सूर्यास्त रोज थोडाथोडा पुढे सरकायचा, शरीराला सवय व्हायची. आता तो सगळा फरक एकाच दिवशी अंगावर येतो.

परतीला उलटं होतं, संध्याकाळ धावत समोर येते आणि रोजा आखूड होतो. पण सौदीत चंद्र बहुधा आपल्या एक दिवस आधी दिसतो. तिथे रमजान सुरू करून ईदला घरी आलेल्याचे ३० रोजे पूर्ण झालेले असतात आणि बदलापुरात चंद्राचा पत्ता नसतो. अशा वेळी गावासोबत राहायचं, म्हणजे ३१ वा रोजाही ठेवायचा.